गाजर गवताचं बी कधी उगवतं ते आधी घरी बघा, मग रानात हात घाला

गाजर गवत म्हणजे आपलं काँग्रेस गवत, १९५६ साली पुण्यातून याची नोंद झाली आणि आता बांध, रस्ता, पडीक जागा काहीच सोडलं नाही त्यानं. उपटून उपटून कंटाळला असाल तर आधी बी समजून घ्या, एका झाडाला हजारोंनी बी येतं.

घरी करायचं सोपं आहे. हातमोजे आणि मास्क घालूनच वाळलेली बोंडं चुरायची (अंगावर खाज, धाप, नको ते होतं), त्यातलं काळं बारीक बी वेचायचं आणि चाळणीत धरून नळाखाली चांगलं धुवायचं, कारण बियाभोवती उगवण रोखणारे पदार्थ असतात ते पाण्यानं निघून जातात, पावसात तेच होतं. मग तीन बशा, ओला टिश्यू पेपर, प्रत्येकीत ५० बिया. एक खिडकीत, पण थेट उन्हात नको. दुसरी तिच्याच शेजारी, पण फॉइलमध्ये गच्च गुंडाळून. तिसरी पण फॉइलमध्ये, फक्त फ्रिजमध्ये. दहा दिवस फॉइल उघडायचं नाही!! मी पहिल्या वेळी रोज डोकावून बघत होतो आणि म्हणत होतो अंधारात पण उगवतंय की, अहो तो डोकावतानाचा उजेडच कामाला येत होता.

दहाव्या दिवशी मोजा. साधारण २२ ते २५ अंशाला आणि उजेडात सगळ्यात जोरात उगवतं, अंधारात कमी, फ्रिजमधलं गप्प बसलेलं असतं. ते मेलेलं नसतं बरं का, बाहेर काढून उजेडात ठेवा आणि बघा.

आता रानात. वरच्या दोनेक सेंटिमीटरातलं बी उगवतं, पाच सेंटिमीटरच्या खालचं सहसा वर येत नाही पण वर्षानुवर्षं जिवंत राहतं. म्हणून पहिल्या पावसानंतर लगेच पेरायची घाई नको, आठ-दहा दिवस थांबा, हिरवी लव येऊ द्या, वापसा आला की (म्हणजे माती चिकटणार नाही इतपत सुकली की) हलका कुळव मारून ती कापा आणि मगच पेरा. इथं खोल नांगरट केलीत तर खालचं झोपलेलं बी उजेडात आणाल आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. पेरणीला उशीर चालणार नसेल तर निदान फुलोरा यायच्या आत खुरपा, उगवल्यापासून महिनाभरात फुलं येतात.

परसबाग किंवा रोपवाटिकेसारखी छोटी जागा असेल तर एप्रिल-मेचं ऊन वापरा. माती भिजवायची, पारदर्शक प्लॅस्टिक ताणून अंथरायचं, कडा मातीत गाडायच्या, चार ते सहा आठवडे. काळं नको, लोक हमखास काळंच आणतात, पण पारदर्शकाखाली माती जास्त तापते, वरचा थर पन्नाशीच्या पुढे जातो आणि ओलं बी त्यात शिजतं. कोरड्या मातीत एवढं होत नाही, म्हणून भिजवायला विसरू नका. नंतर ती जागा खणायची नाही, वरच्यावर रोपं लावा.