चालू प्रयोगात घोटाळा झाला तर कसे सावरावे

चालू प्रयोगात काही बिघडले, तर नटाने सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावे की प्रेक्षकांच्या हातात संहिता नसते. गाळलेले वाक्य त्यांना कळत नाही. कळतो तो नटाचा उतरलेला चेहरा आणि विंगेकडे टाकलेला कावराबावरा कटाक्ष. म्हणून नाटकातला घोटाळा नाटकातच मिटवावा आणि माणसाच्या जिवाशी गाठ असेल तेव्हा मात्र प्रयोग तत्काळ थांबवावा.

सर्वाधिक वेळा घडणारा प्रकार अर्थातच संवाद विसरण्याचा. समोरचा नट ब्लँक झाला आहे असे दिसताच त्याला ‘मग तू काय ठरवलेस?’ असा मोकळा प्रश्न विचारू नये, कारण नेमके उत्तरच तो विसरलेला असतो. त्याऐवजी त्याचे वाक्य आपल्या तोंडी घ्यावे: ‘म्हणजे घर विकायचे तू ठरवलेसच तर!’ एवढ्या आधाराने तो बहुधा सावरतो. कोणी दोन पाने ओलांडून पुढच्या संवादावर उडी मारली, तर मागे फिरण्याचा हट्ट धरू नये; गाळलेल्या भागात कथानकाला अत्यावश्यक अशी माहिती होती का, एवढे पाहावे आणि असल्यास ती पुढे एखाद्या वाक्यात पेरावी. पदरची वाक्ये घालण्याचा हाच काय तो रास्त प्रसंग. एरवी ती नटाची हौस असते.

वस्तूंचे घोटाळे अधिक अवघड, कारण ते प्रेक्षकांना धडधडीत दिसतात. रिसीव्हर उचलल्यावरही फोनची घंटी वाजतच राहिली, तर तो शांतपणे खाली ठेवून पुन्हा उचलावा. ध्वनी सांभाळणाऱ्याला तेवढ्यात घंटी बंद करता येते. पेला फुटला, तर मात्र दुर्लक्ष मुळीच करू नये. काचा जमिनीवर असेपर्यंत प्रेक्षकांचे लक्ष संवादाकडे नसते, त्या कोणाच्या पायात जातील याकडे असते, आणि पुढच्या प्रवेशात अनवाणी येणारी व्यक्ती असेल तर ती धास्ती खरीच ठरू शकते. ज्याच्या भूमिकेला शोभेल त्याने, संवाद चालू ठेवत, काचा जाड कापडाने एका कोपऱ्यात साराव्यात आणि उरलेले काम ब्लॅकआउटमध्ये विंगेतल्या माणसांवर सोडावे. दार अडकले, तर ते हिसडत बसू नये, कारण दारासोबत सगळा फ्लॅट, म्हणजे नेपथ्यातली खोटी भिंत, हलू लागतो. दुसऱ्या विंगेतून जावे. अनावर हसू आल्यास सहकाऱ्याच्या नजरेला नजर देऊ नये. पाठ फिरवूनही फारसे साधत नाही, कारण खांदे हलताना दिसतातच.

आता प्रश्न थांबण्याचा. हा निर्णय प्रेक्षकांच्या प्रतिसादावर कधीही सोडू नये. 17 फेब्रुवारी 1673 रोजी आजाराचा भ्रम जडलेल्या माणसाची भूमिका करताना फ्रेंच नाटककार आणि नट मोलिएरला रंगमंचावरच झटका आला. त्याने तो हसण्यात लपवला, प्रयोग पूर्ण केला आणि त्याच रात्री त्याचा मृत्यू झाला. 15 एप्रिल 1984 रोजी लंडनमध्ये विनोदवीर टॉमी कूपर थेट प्रक्षेपण चालू असताना कोसळला, तेव्हा हा विनोदाचाच भाग समजून प्रेक्षक हसत राहिले. म्हणून पडदा पाडण्याचा अधिकार रंगमंच व्यवस्थापकाकडे असावा आणि ‘खरोखर मदत हवी आहे’ असे सांगणारा, संहितेत कुठेही न येणारा एक शब्द तालमीतच ठरवून ठेवावा. थांबल्यावर दिवे उजळून एकाच व्यक्तीने, कारणांचा पाल्हाळ न लावता, प्रेक्षकांना मोजक्या शब्दांत सूचना द्याव्यात.

आगीच्या बाबतीत क्षणाचाही विचार नको. 30 डिसेंबर 1903 रोजी शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहात दिव्याच्या ठिणगीने पडद्याला आग लागली, अग्निरोधक पडदा खाली येताना मध्येच अडकला, बाहेर पडण्याची अनेक दारे उघडेनात आणि 600 हून अधिक माणसे दगावली. प्रयोगापूर्वी अग्निरोधक पडदा पूर्ण खाली आणून पाहावा आणि बाहेर पडण्याचे प्रत्येक दार स्वतःच्या हाताने उघडून पाहावे.

प्रयोग संपल्यावर, चेष्टामस्करी रंगण्यापूर्वी, व्यवस्थापकाने नोंदवहीत अंक, प्रवेश, नेमके काय बिघडले आणि दुरुस्ती कोणाकडे सोपवली हे लिहावे. दोष कोणाचा, ही चर्चा दुसऱ्या दिवशी करावी. दाराची बिजागरी मात्र त्याच रात्री बदलावी.