सोसायटीचं विस्कटलेलं दप्तर परत कसं उभं करायचं

कमिटी बदलली की नवीन सेक्रेटरीच्या हातात काय पडतं तर एक लोखंडी कपाट, त्याची एकच चावी, माळ्यावरची दोन पोती आणि "बाकीचं जुन्या अण्णांच्या घरी असेल बघा" एवढं वाक्य. मच्छीमार सोसायटी असो, देवस्थानचा ट्रस्ट असो नाहीतर गावचं वाचनालय, हर्णैपासून मालवणपर्यंत थोड्याफार फरकाने हेच चालू असतं. मग कधीतरी ऑडिटर दारात येतो, किंवा कोणीतरी वारस नोंदीसाठी मयत वडिलांचा शेअर दाखला मागतो, आणि सगळ्यांची पळापळ.

अशा वेळी पहिली गोष्ट म्हणजे कपाट आवरायला घेऊ नका. खरंच नका. सगळं खाली काढायचं, पावत्या एकीकडे, पत्रं एकीकडे, वर्षाप्रमाणे गठ्ठे लावायचे, दिसायला मस्त दिसतं पण त्या नादात कुठला कागद कुठल्या कागदाबरोबर बांधलेला होता हेच कायमचं जातं. नाव नसलेली, तारीख पुसलेली पावती कोणाची हे बऱ्याचदा तिच्या मागेपुढे लावलेल्या कागदांवरूनच कळतं. म्हणून आधी जसंच्या तसं मोबाईलवर फोटो काढा, प्रत्येक गठ्ठ्याला चिठ्ठीवर पेन्सिलने नंबर द्या (शाई दमट हवेत फुटते), आणि एका वहीत लिहा की नंबर अमुक कुठल्या फळीवर होता, कशाने बांधला होता, वर काय लिहिलं होतं. बस, तूर्तास एवढंच.

मग कागद बाजूला ठेवून माणसांकडे जा. मच्छीमार सोसायटी असेल तर साधारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, जुने सेक्रेटरी, क्लार्क, पंपावरचा माणूस सगळे निवांत सापडतात. त्यांना "कुठली कुठली रजिस्टरं होती" असं विचारलंत तर "सगळी होती हो" एवढंच उत्तर येणार. त्याऐवजी कामाबद्दल विचारा. डिझेलचंच घ्या. नौकेचा मालक तेल घ्यायला आला की पहिलं काय बघायचात? परवाना आणि नौकेची नोंदणी. ते कशात बघायचात? कोट्याच्या यादीत. यादी कोण द्यायचं? मत्स्यव्यवसाय खातं. तेल दिल्यावर पावती फाडायचात, तिची स्थळप्रत (आपल्याकडे राहणारी प्रत) कुठे राहायची? सही कुठल्या वहीत घ्यायचात? महिना संपला की डिझेलवरच्या कराच्या परताव्याचा प्रस्ताव कोण लिहायचं, ऑफिसला गेल्यावर पोच कुठे लावायचात, पैसे जमा झाल्यावर मालकांना वाटप कशावरून करायचात? असं एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालून घ्या आणि मोठ्या कार्डशीटवर काढा, प्रत्येक टप्प्याला तीनच गोष्टी लिहून: कुठला कागद तयार झाला, कोणाकडे राहिला, दुसरी प्रत कुठे गेली.

माझ्या मते सगळ्या कामाचा गाभा हाच आहे. हा तक्ता हातात घेऊन नंबर लावलेल्या गठ्ठ्यांकडे आलात की "इकडे वाटप रजिस्टर असायला हवं, ते नाहीये, पण प्रस्तावाची स्थळप्रत आहे" हे आपोआप दिसायला लागतं. नाहीतर काय हरवलंय हेच माहीत नसताना आपण शोधत बसतो. डिझेल, सभासद नोंद आणि कर्ज असे तीन तक्ते झाले तरी सोसायटीचं बरंचसं दप्तर उलगडतं. ऑस्ट्रेलियातल्या अभिलेखागारांनी यासाठी डर्क्स नावाची आठ पायऱ्यांची पद्धत बसवली होती, आणि तिकडचंच १९९६ चं मानक पुढे दप्तर सांभाळण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाला, म्हणजे आयएसओ १५४८९ ला, पाया झालं, ते २००१ मध्ये आलं आणि २०१६ मध्ये सुधारलं. आपल्या दोन खोल्यांच्या ऑफिसला आठ पायऱ्या जास्तच होतात, पण त्यांचंही म्हणणं हेच की आधी काम समजून घ्या, मग कागद.

देवस्थान किंवा ग्रामस्थ मंडळ असेल तर अर्धं दप्तर मुंबईत असतं हे धरूनच चला. वर्गणी मुंबई मंडळ गोळा करतं, खर्च गावची कमिटी करते, रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) दोन्हीकडे वेगळी. दोन्ही एकत्र करून एक "नीट" वही करायचा मोह होतो, तो टाळा. ज्या मंडळाने जी वही लिहिली ती त्याच मंडळाच्या नावाने राहू द्या, फक्त एक जोडयादी करा की अमुक रक्कम मुंबईच्या कीर्दीत या पानावर निघाली आणि गावच्या कीर्दीत या पानावर जमा झाली. आणि गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा वह्या सोबत आणायला आधीच सांगून ठेवा, आल्यावर सांगून उपयोग नाही.

आता हरवलेलं परत उभं करणं. सगळ्यात आधी सभासद रजिस्टर, म्हणजे 'आय' नमुना, कारण मतदान, वारस, लाभांश सगळं त्यावर. त्यानंतर इतिवृत्त आणि रोजकीर्द-खतावणी (खतावणी म्हणजे खातेवार नोंदींची वही). माहितीचे तुकडे बाहेर बरेच असतात. सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयात नोंदणीची फाईल, उपविधी (संस्थेचे नियम) आणि ऑडिट रिपोर्ट, बँकेत खात्याचे उतारे, ऑडिटरकडे तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) आणि ताळेबंदाच्या प्रती, सभासदांच्या घरी देव्हाऱ्याखालच्या पेटीत मूळ शेअर दाखले. माहिती अधिकाराबद्दल लोक गोंधळतात म्हणून सांगतो, केरळातल्या थलप्पलम सहकारी बँकेच्या केसमध्ये २०१३ साली सुप्रीम कोर्टाने सहकारी संस्था सरसकट त्या कायद्याखाली येत नाहीत असं सांगितलं, पण निबंधकांच्या ऑफिसात जे कागद आहेत ते तिथून मागता येतात.

हे करताना एक नियम दगडावर कोरल्यासारखा पाळा. नवीन लिहिलेलं रजिस्टर जुनं म्हणून दाखवायचं नाही. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात "पुनर्रचित", आजची तारीख, कमिटीचा ठराव क्रमांक, आणि प्रत्येक ओळीला "कुठून घेतलं" असा जादा रकाना. जिथे पुरावा नाही तिथे रकाना रिकामा. जुन्या तारखा घालून, वेगवेगळी पेनं वापरून वही "तयार" करणारे महाभाग असतात, आणि वाद कोर्टात गेला की खऱ्या नोंदींवरचाही विश्वास त्यांच्यामुळे उडतो.

भिजलेल्या दप्तराचं वेगळं. २००५ आणि २०२१ च्या पुरात चिपळूणच्या वाचन मंदिरात पाणी शिरलं तशी वेळ खाडीकाठच्या कुठल्याही ऑफिसवर येऊ शकते. ओला कागद साधारण ४८ तासांत बुरशी धरायला लागतो. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका, कडक उन्हात टाकू नका, पंख्याखाली उभं करून मध्ये कोरे कागद घालत सुकवा. आणि ढीग मोठा असेल तर आपल्या किनाऱ्यावर एक सोय आहे जी पुण्यामुंबईच्या ऑफिसांकडे सहजी नसते, ती म्हणजे मासळीचा डीप फ्रीझर. वह्या बटर पेपरमध्ये गुंडाळून, प्लास्टिक पिशवी घट्ट बंद करून आत ठेवा, बुरशी थांबते, मग थोड्या थोड्या काढून सुकवा. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल मात्र सुकल्यावर हलक्या हाताने काढाच, त्यांचे डाग पुढच्या पानांवर उतरतात.

व्हॉट्सॲप विसरू नका. हल्ली कमिटीचे अर्धे निर्णय ग्रुपवरच होतात. ग्रुपचं चॅट एक्स्पोर्ट करून वर्षाप्रमाणे ठेवा आणि निर्णय पुढच्या सभेत इतिवृत्तात घ्या.

पुढची घडी बसवायला नवीन काही शोधायची गरज नाही. आवक-जावक बारनिशी (आलेल्या-गेलेल्या पत्रांची नोंदवही) रोजची रोज. सरकारी ऑफिसातली अ, ब, क, ड वर्गवारी उसनी घ्या, अ म्हणजे कायम ठेवायचं आणि ड म्हणजे वर्षभराने काढायचं, फक्त काहीही रद्दीत घालण्याआधी यादी आणि ठराव हवा. कपाट भिंतीला टेकवू नका, खालची फळी रिकामी सोडा. आणि कमिटी बदलताना चावीसोबत नंबरवार यादी द्या, दोन्हीकडच्या सह्या घेऊन, तिची एक प्रत ऑडिटरकडे.