बोटांचे गुणोत्तर आणि मुलांमधील टिक : या चुका टाळा

तर्जनीच्या लांबीला अनामिकेच्या लांबीने भागले की येणारे गुणोत्तर गर्भावस्थेतील टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची अप्रत्यक्ष खूण मानले जाते; मुलग्यांत ते सरासरीने थोडे कमी असते. टिक म्हणजे आपोआप, वारंवार होणारी झटक्यासारखी हालचाल किंवा आवाज. अशा टिक दीर्घकाळ राहणारा विकार, टुरेट सिंड्रोम, मुलींपेक्षा मुलग्यांत तीन ते चार पट अधिक आढळतो, त्यामुळे या दोहोंचा संबंध शोधावासा वाटणे स्वाभाविक आहे. मात्र असे प्रबंध तपासताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा समोर येतात आणि त्यांचे मूळ बहुतेक वेळा घाईत असते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दोन गटांचे हात दोन वेगळ्या पद्धतींनी मोजणे. एका विद्यार्थ्याने टिक असलेल्या मुलांचे तळहात स्कॅनरच्या काचेवर ठेवून प्रतिमांवरून मापे घेतली होती आणि शाळेतील इतर मुलांची बोटे मात्र थेट कॅलिपरने, म्हणजे दोन जबड्यांत धरून लांबी मोजणाऱ्या उपकरणाने, मोजली होती. पहिल्या गटाचे गुणोत्तर ठळकपणे कमी आले आणि त्यावर संप्रेरकांविषयी एक संपूर्ण प्रकरण लिहून तयार झाले. काचेवर दाबलेल्या बोटांची मऊ टोके चपटी होतात आणि प्रतिमेवरून काढलेले गुणोत्तर थेट मोजमापापेक्षा सरासरीने कमी भरते, हे त्याने आधी वाचलेलेच नव्हते. त्याच मुलांना पुन्हा बोलावून कॅलिपर लावला, तेव्हा फरक जवळजवळ उरलाच नाही. पालकांकडून मोबाइलवर फोटो मागवण्याचा मार्ग तर मी कोणालाही सुचवणार नाही.

मापातली ढिलाई किती भोवते, हे आकड्यांतच पाहावे. सहा वर्षांच्या मुलाची अनामिका ५० मिलिमीटर आणि तर्जनी ४८.५ मिलिमीटर असेल, तर गुणोत्तर ०.९७ येते, तर्जनी अर्धा मिलिमीटर जास्त वाचली की तेच ०.९८ होते, आणि मुलगे व मुली यांच्या सरासरीतला फरकही साधारण एवढाच असतो. अनामिकेच्या मुळाशी अनेकदा दोन घड्या दिसतात. त्यांपैकी तळहाताजवळची धरावी. मी घडीच्या मध्यावर बारीक पेनाने ठिपका काढून घेते, पहिले माप झाकून ठेवते आणि मगच दुसरे घेते. मान किंवा हात झटकणाऱ्या मुलाला बोट धरून दटावू नये, झटका ओसरेपर्यंत थांबावे. मूल अवघडले की माप बिघडते, आणि त्याला विनाकारण त्रास होतो तो वेगळाच.

दुसरी चूक तुलनेच्या गटाची. रुग्णगटात मुलगे बहुसंख्य आणि तुलनेच्या गटात मुलगे-मुली निम्मेनिम्मे असतील, तर रुग्णगटाचे गुणोत्तर टिकशी काहीही संबंध नसताना कमीच येणार. मुलग्यांची तुलना मुलग्यांशीच करावी. वयही जुळवावे आणि समाजगटही, कारण निरनिराळ्या लोकसमूहांतला फरक स्त्री-पुरुषांमधील फरकापेक्षा मोठा असू शकतो.

उजवा आणि डावा हात यांची मापे एकत्र करू नयेत. मोडलेले बोट वगळावे. मोजणाऱ्याला मुलाचे निदान माहीत नसावे. टुरेट असलेल्या अनेक मुलांना एडीएचडीही (अवधान कमी आणि चंचलता जास्त असण्याचा विकार) असतो, त्याची नोंद सुरुवातीलाच घ्यावी.

घरी पट्टी लावून मुलाच्या बोटांवरून निष्कर्ष काढणाऱ्या पालकांनी तो नाद सोडावा. टुरेटचे निदान अनेक स्नायू-टिक आणि किमान एक आवाजी टिक, १८ वर्षांपूर्वीची सुरुवात आणि एक वर्षाहून अधिक काळ टिकलेली लक्षणे यांवरून होते. त्यात बोटांच्या लांबीला स्थान नाही.