निकालात हरलो, आता पहिले पंधरा दिवस काय करायचं

16 जानेवारीला दुपारी आमचं पॅनल, म्हणजे प्रभागातले आमचे चारही उमेदवार, पडलं. नवी मुंबईत महापालिकेची निवडणूक 2015 नंतर थेट 2026 ला झाली, मधे 2020 पासून प्रशासकच होता, त्यामुळे घणसोलीत आम्ही जे वीस-बावीस जण रोज संध्याकाळी जिने चढत होतो त्यांना वाटत होतं की एवढ्या वर्षांनी संधी आलीय तर यावेळी नक्की होणार. नाही झालं. बाहेर गुलाल उडत होता आणि आमच्यातली कॉलेजची एक मुलगी रिक्षात बसून घरापर्यंत रडत गेली. तिच्यासारख्यांसाठी हे लिहितेय, पक्ष कुठलाही असो.

पहिल्या दिवशी ग्रुपवर काहीही लिहू नका. कोण फुटलं, कुणी पैसे वाटले, कुणाच्या बिल्डिंगने दगा दिला हे सगळं त्या रात्री टाइप होतं आणि ते नंतर पुसता येत नाही, माणसं कायमची तुटतात. त्याऐवजी फोन करा, एकेकाला. आणि उमेदवारालाच नाही, ज्याने फक्त स्लिपा वाटल्या किंवा बूथवर पाण्याचे कॅन आणून ठेवले त्यालाही. "जेवलास का" एवढं विचारलं तरी पुरतं.

दोन-तीन दिवसांत एकत्र बसा. ऑफिसात नको, तिथे खुर्च्यांची रांग लागली की भाषणं सुरू होतात. आम्ही एका ताईंच्या घरी बसलो, पोहे केले, नियम एकच की प्रत्येकाने बोलायचं आणि मधे कुणी तोडायचं नाही. "मी आधीच सांगत होतो" हे वाक्य त्या दिवशी बंद. अडीच तास लागले. शेवटी गावठाणातले एक काका बोलले, ते एरवी फार बोलत नाहीत. म्हणाले, निकाल लागला ती तारीख आठवते का कुणाला, 16 जानेवारी, 1984 ला याच दिवशी आणि दुसऱ्या दिवशी उरणकडे जासईला, सिडकोने घेतलेल्या जमिनींसाठीच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे लोक तरीही उभे राहिले आणि त्यातूनच घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायचा हक्क मिळाला. त्यानंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही, पण घरी जायची घाईही कुणाला नव्हती.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मतदारयादी रद्दीत देऊ नका! प्रचारात आपण यादी फोडतो, बिल्डिंगप्रमाणे पानं वाटतो, पेन्सिलने खुणा करतो. माझ्याकडच्या पानांवर नावासमोर काय काय लिहिलंय बघा: "चौथा मजला, आजी एकट्या, पाणी चढत नाही". "मुलगा 18 चा झाला, नाव नाही". "लाइट बंद, क्लासवरून येताना मुली घाबरतात". मतं मागायला गेलो तेव्हा लोकांनी हे आपल्याला विश्वासाने सांगितलंय, तेवढं सगळं एका वहीत उतरवून घ्या. फोन नंबर मात्र इकडेतिकडे फॉरवर्ड करू नका.

मग त्याच दारांवर परत जा, आभार मानायला. हरल्यावर कुणी येत नाही, त्यामुळे लोकांना आधी कळतच नाही का आलात ते. त्या आजींनी दार उघडलं, मला बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, पण तुम्ही तर पडलात ना?" आणि मग हात धरून आत नेलं, गुळाची पोळी दिली. मला जो धीर आला तो तिथे आला, कुठल्या मेसेजने नाही. रोज एक बिल्डिंग, दोघादोघांनी, बास.

आकडेही बघा, पण जरा शांत झाल्यावर. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून मतदान केंद्रनिहाय मतं मागून घ्या, सरळ नाही मिळाली तर माहिती अधिकारात अर्ज करा, 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आम्हाला जिथे आपलं काहीच नाही असं वाटत होतं तिथे साडेतीनशे मतं निघाली. ती साडेतीनशे माणसं तिथेच राहतात, आपल्याला अजून भेटलेली नाहीत एवढंच.

ज्यांची नावं यादीत नव्हती त्यांचं काम लगेच घ्या. नवीन नावाला फॉर्म 6, घर बदललं असेल किंवा चूक दुरुस्त करायची असेल तर फॉर्म 8, अडलं तर मतदार हेल्पलाइनला, 1950 ला फोन. आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात, त्यामुळे 18 पूर्ण झालेल्याला वर्षभर थांबायला लागत नाही.

आणि एकच प्रश्न निवडा, दहा नको. आम्ही पाण्याचा घेतला. निवडून आलेल्या चारही नगरसेवकांना भेटून एकच निवेदन द्यायचं, पोच घ्यायची, ते आता आपलेही नगरसेवक आहेत, यात कमीपणा वाटून घेऊ नका. दाद लागली नाही तर लोकशाही दिन आहे, पालिकेत लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस, महिन्याचा पहिला सोमवार, अर्ज 15 दिवस आधी द्यायचा. नवी मुंबईतल्याच सीवूड्सचा डीपीएस तलाव वाचावा म्हणून लोक फ्लेमिंगोंचे फोटो काढत, साखळी करून उभे राहत, अर्ज करत राहिले आणि 2025 मध्ये त्या 30 एकरांना संवर्धन राखीव क्षेत्र करायला राज्य वन्यजीव मंडळाने मंजुरी दिली. त्यांच्याकडे कुठलं पद नव्हतं.

आमचा रविवार ठरलाय, सकाळी 10, आजींच्या बिल्डिंगखाली. रिक्षात रडणारी ती मुलगी सह्यांचा कागद आणणार आहे, आणि प्रत्येक मजल्यावर किती वाजता किती बादल्या पाणी येतं ते आठवडाभर लिहून ठेवायला आजींनी शेजारणींना आधीच सांगून ठेवलंय.