मुस्तफा खेळायला हँडहेल्ड घेताय? मग आधी हे बघा

मागच्या आठवड्यात सोलापुरात सात रस्त्याला चहा पिताना दोस्त म्हणला, "बे, ते जुने गेमवाले हँडहेल्ड, हातात धरून खेळायची मशीनं असतात की, त्यातला सगळ्यात भारी कुठला सांग, तोच घेतो." म्हणलं खेळणार काय? तर म्हणे मुस्तफा, काँट्रा आणि लहानपणी कॅसेटला फुंकर मारून लावायचो ते सगळं. एवढ्यासाठी वीस-बावीस हजाराचं मशीन घेणं म्हणजे कडक भाकरी मोडायला हातोडा आणल्यासारखंय. त्याला जे तासभर बसून सांगितलं तेच इथं लिहितोय.

स्टेप १ : मशीन नंतर, आधी गेम लिहा

खरंच कागद घ्या आणि दहा गेम लिहा, जे तुम्ही नक्की खेळणारच आहात. "सगळंच चालायला पाहिजे" हे उत्तर चालणार नाही, कारण तिथंच पैसे जातात. मग बघा त्यातला सगळ्यात नवीन गेम कुठल्या मशीनचाय. आपल्याकडं ज्याला सगळे मुस्तफा म्हणतात त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमचा १९९३ चा आर्केड गेम (म्हणजे पार्लरात कॉइन टाकून खेळायचा), मुस्तफा हे त्यातल्या चारपैकी एका हिरोचं नाव, पण पार्लरात सगळ्यांना तोच पाहिजे असायचा त्यामुळं गेमचंच नाव पडलं. हा गेम, स्ट्रीट फायटर २, मेटल स्लग, मारिओ, काँट्रा, गेमबॉयचे आणि पहिल्या प्लेस्टेशनचे गेम हे सगळं स्वस्तातला हँडहेल्डसुद्धा आरामात ओढतो. यादीत पीएसपी (सोनीचं हातातलं प्लेस्टेशन) किंवा निन्टेंडो ६४ चे गेम असतील तर थोडं वरचं मशीन बघावं लागतं, आणि प्लेस्टेशन २ असेल तर खर्च एकदम उडी मारतो. माझ्या दोस्ताच्या यादीत प्लेस्टेशन २ चा एकही गेम नव्हता, विषय संपला.

स्टेप २ : स्क्रीनचा आकार, नुसते इंच नाही

इथं लई जण फसतात. जुने गेम टीव्हीसाठी बनलेले, म्हणजे ४:३, जवळपास चौकोनी. आता ४.९६ इंचाची लांबडी १६:९ स्क्रीन घेतली तर तसला गेम मधोमध दिसतो आणि दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या, हिशोब केला तर गेम पडतो फक्त ४ इंचाचा. ताणून पूर्ण स्क्रीनभर करता येतो पण मग मुस्तफा असा जाडा दिसतो की रोज शेंगा चटणी-भाकरी हाणून आल्यासारखा. उलटं बघा, पीएसपीची स्क्रीन होती ४८० बाय २७२ ची, लांबडी, तो गेम ३.५ इंची ४:३ स्क्रीनवर लावला की वर-खाली पट्ट्या येतात आणि अक्षरं वाचायला चष्मा लागतो.

आर्केडवाल्यांसाठी अजून एक गोष्ट. पॅकमॅन आणि १९४२ (तो विमानांचा) सारखे गेम उभ्या स्क्रीनचे होते, ते ३.५ इंची मशीनवर फक्त ४ सेंटीमीटर रुंद दिसतात. तुमची अर्धी यादी विमानांच्या गेमचीच असेल तर ७२० बाय ७२० ची चौकोनी स्क्रीनवाली मशीनं येतात ती बघा. गेमबॉय अ‍ॅडव्हान्सच्या वेड्यांसाठी ७२० बाय ४८० ची स्क्रीन बेस्ट, कारण त्याचं मूळ चित्र २४० बाय १६० चं, बरोब्बर तिप्पट बसतं, एक ठिपका इकडंतिकडं होत नाही.

स्टेप ३ : बटणं, आणि त्यातही डी-पॅड

प्रोसेसरचं नाव विसरलात तरी चालेल, डी-पॅड, म्हणजे डावीकडचं अधिकच्या आकाराचं दिशांचं बटण, विसरू नका. जुने गेम ९० टक्के डाव्या अंगठ्यावरच चालतात. माझ्याकडं आधी एक होता (नाव सांगत नाही), दिसायला झकास, पण डावीकडं दाबलं की मधेच खालीसुद्धा दाबलं जायचं. मुस्तफात ते एवढं कळलं नाही, टेट्रिसमध्ये तुकडा सरकवायला गेलो की सट्टकन खाली पडायचा, आठ दिवसात विकून टाकला. म्हणून कुणाचा तरी हातात घेऊन बघायला मिळाला तर दोन टेस्ट करा. टेट्रिस लावून डावं-उजवं जोरात दाबा आणि तुकडा आपोआप खाली जातो का बघा. मग स्ट्रीट फायटरमध्ये र्‍यू घेऊन खाली-तिरपं-पुढं-पंच, म्हणजे आपला हाडुकेन, दहा वेळा मारा. दहात सात-आठ वेळा निघाला तर डी-पॅड चांगलाय, तीन वेळा निघाला तर परत द्या. नवीन मागवत असाल तर यूट्यूबवर नुसत्या डी-पॅडवर बोलणारा रिव्ह्यू शोधा, बाकीचं पळवून बघा.

बटणांचं गणित सोपंय. मुस्तफाला दोनच लागतात, मार आणि उडी, दोन्ही एकदम दाबलं की स्पेशल. मेटल स्लगला तीन. स्ट्रीट फायटर २ ला मात्र सहा, तीन पंच तीन किक, आणि हँडहेल्डला समोर चारच असतात, उरलेले दोन वरच्या कडेच्या डाव्या-उजव्या बटणांवर, म्हणजे एल-आर वर टाकावे लागतात. म्हणून एल-आर बटणं मागं कोपर्‍यात घुसलेली नकोत. अ‍ॅनालॉग स्टिक (अंगठ्यानं फिरवायची छोटी दांडी) आर्केडला लागतच नाही.

स्टेप ४ : आता मॉडेल

खिशात टाकायला उभा (वर स्क्रीन, खाली बटणं) पाहिजे असेल तर मियू मिनी प्लस किंवा अ‍ॅनबर्निकचा आरजी३५एक्सएक्स प्लस. मोठे हात असतील तर आडवा, आरजी३५एक्सएक्स एच किंवा ४ इंचीवाला आरजी४०एक्सएक्स एच, मला स्वतःला आडवाच झेपतो, उभ्यात अर्ध्या तासात करंगळी आखडते. पीएसपी जास्त असेल तर लांबड्या स्क्रीनचा ट्रिमयूआय स्मार्ट प्रो. प्लेस्टेशन २ पाहिजेच असेल तर रेट्रॉइड पॉकेट ५, अँड्रॉइडवाला.

आणि गड्ड्याच्या जत्रेत स्टॉलवर मिळतो तो "चारशे-इन-वन"? पोराला खेळायला ठीकाय. पण गेम सेव्ह होत नाही, नवीन गेम टाकता येत नाही आणि चारशेतले कित्येक तेच ते गेम नाव बदलून परत. एका वर्षी मीच हौसेनं घेतलेला, मुस्तफा काय त्यात निघाला नाही.

स्टेप ५ : मागवणं

ही मशीनं बहुतेक चिनी कंपन्यांची, छोट्या मॉडेलची मूळ किंमत ५० ते ७० डॉलरच्या आसपास. अलीएक्सप्रेस भारतात नोव्हेंबर २०२० पासून बंद, त्यामुळं कंपनीच्या साइटवरनं नाहीतर इथल्या रीसेलरकडनं घ्यायचं. बाहेरून मागवलं तर शिपिंग आणि कस्टम ड्युटी धरूनच तुलना करा, नाहीतर "स्वस्त मिळाला" म्हणत बसाल आणि कुरिअरवाला दारात पैसे मागेल. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. त्याच दिवशी सगळी बटणं, दोन्ही बाजूचा आवाज, चार्जिंग बघा, आणि स्क्रीन काळी करून अंधारात कुठं ठिपका चमकतोय का तेसुद्धा.

स्टेप ६ : मेमरी कार्ड बदला

सोबत येणारं कार्ड बिननावाचं असलं तर भरवसा ठेवू नका, माझं दोन महिन्यात गेलं आणि पोकेमॉनचा चाळीस तासांचा सेव्ह घेऊन गेलं. चांगल्या कंपनीचं ६४ जीबी कार्ड घ्या, जुन्यातलं सगळं त्यावर कॉपी करा, सेव्हचा फोल्डर कॉम्प्युटरवरपण ठेवा. आर्केड गेमची फाइल झिपच ठेवायची, उघडायची नाही, नावसुद्धा बदलायचं नाही (मुस्तफाचं नाव असतं डिनो.झिप, बदललं की चालतच नाही). गेम सुरू झाला आणि "इन्सर्ट कॉइन" वरच अडकला तर घाबरू नका, सिलेक्ट दाबा, तोच कॉइन. आणि हो, कार्डात भरून येणारे गेम कॉपीराइटमधलेच असतात, कंपन्यांनी ते फुकट वाटलेले नाहीत, एवढं माहीत असू द्या.

स्टेप ७ : चार्जिंग

मोबाइलचा फास्ट चार्जर लावू नका, साधा ५ व्होल्टचा लावा आणि ए-टू-सी केबल (एकीकडं जुना चपटा यूएसबी, दुसरीकडं सी). दोन्हीकडं सी असलेल्या केबलवर काही मशीनं चार्जच होत नाहीत, लोक खराब म्हणून परत पाठवतात. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४४ पर्यंत जातो, तेव्हा गाडीच्या डिकीत ठेवून कामाला जाऊ नका, बॅटरी फुगते, आणि उन्हातनं आणलेलं तापलेलं मशीन लगेच चार्जिंगला पण लावू नका.

दोस्तानं शेवटी आरजी३५एक्सएक्स एच घेतला, कारण त्याला टीव्हीला जोडायला मिनी एचडीएमआय आहे आणि ब्लूटूथ कंट्रोलर जोडता येतो. केबल वेगळी घ्यावी लागली. आता रविवारी टीव्हीला लावून दोघं भाऊ बसतात, आणि मुस्तफा कोण घेणार यावरनं भांडण पहिल्यासारखंच चालू आहे.