बँकेने कापलेले पैसे परत मागायचे तर: हक्काचे वेगळे, विनंतीचे वेगळे

२०२५ च्या १८ ऑगस्टला माझी धाकटी जाऊ बँकेतून आली ती पासबुक उघडे धरूनच. चवथ, म्हणजे गणपती, नऊ दिवसांवर होती. खात्यात चार हजार जमा झाल्याचे कळले म्हणून दोन हजार काढायला गेलेली, तर शिल्लक १,५०८. "वयनी, माझे पैशे खंय गेले ता बघ जरा," म्हणाली आणि पडवीतच बसली.

मी बचत गटाची बँक सखी. मालवण तालुक्यातल्या आमच्या वाडीतल्या बायकांचे केवायसी, कर्जाचे कागद, खाते उघडायचे फॉर्म शाखेत नेणे हे माझे रोजचे काम. बाहेरच्यांची पासबुके बघताना घरातल्याच पासबुकाकडे माझे लक्ष गेले नाही, याचे मला फार वाईट वाटले. त्या दिवसापासून असे सोळा-सतरा अर्ज मी लिहून दिले. सगळ्यांचे सगळे पैसे परत आले नाहीत, पण बहुतेकींचे काही ना काही आले. ते कसे, हे सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट नीट समजून घ्या. "घरात अडचण होती, म्हणून चार्ज परत द्या" असा सरसकट हक्क आपल्याकडे नाही. दोन वेगळे रस्ते आहेत. काही पैसे बँकेने नियम मोडून कापलेले असतात, ते हक्काने मागायचे. काही पैसे नियमात बसूनच कापलेले असतात, पण अडचण बघून बँक ते सोडू शकते, ते विनंतीने मागायचे. बायका अर्ज घेऊन येतात त्यात दोन्ही एकत्र केलेले असते आणि वर रडगाणे. मग मॅनेजर विनंती वाचतात आणि हक्काचेही विनंतीच्या भावाने उडवून लावतात. म्हणून अर्ज लिहिण्याआधी एका कागदावर मधे रेघ मारा आणि दोन याद्या करा.

त्यासाठी आधी पासबुक शेवटच्या ओळीपर्यंत छापून घ्या. मशीन बंद असेल तर वर्षभराचे स्टेटमेंट मागा. नुसता शिल्लकेचा आकडा उपयोगाचा नाही, कापलेली प्रत्येक ओळ तारखेसकट हवी. त्या ओळी कळायला कठीण असतात. एमएबी किंवा क्यूएबी दिसले तर ती महिन्याची किंवा तिमाहीची सरासरी शिल्लक कमी पडल्याचा दंड. नॅच किंवा ईसीएस रिटर्न म्हणजे हप्ता बाउन्स झाल्याचा. एसएमएसचे, एटीएम कार्डाचे वर्षाचे, एटीएममध्ये पैसे नसताना कार्ड घातल्याचे, अशा ओळी वेगवेगळ्या. शेवटी विचित्र आकडा आला तर १८ टक्के जीएसटी आठवा: २०० चे २३६ होतात, ५०० चे ५९०.

जावेच्या पासबुकात काय होते ते बघा. दीर एका ट्रॉलरवर खलाशी आहेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, म्हणजे ६१ दिवस घरात एक पैसा येत नाही. जावेने मासे ठेवायला डीप फ्रीजर हप्त्यावर घेतलेला, हप्ता महिन्याच्या ५ तारखेला. खात्यात होते ३४०. जूनमध्ये ५ तारखेला हप्ता परत गेला, १० तारखेला कर्जवाल्या कंपनीने तो पुन्हा वसुलीला टाकला, तोही परत. जुलैतही तसेच. चार वेळा ५९०, म्हणजे २,३६०. त्यावर दोन महिन्यांचा किमान शिल्लक नसल्याचा दंड, २३६ प्रमाणे ४७२. एकूण २,८३२. त्यातले ३४० जूनमध्येच गेले. उरलेले २,४९२ बँकेने येणे म्हणून रोखून ठेवले होते. नारळी पौर्णिमेनंतर होडी गेली, पहिल्या फेरीचे चार हजार जमा झाले आणि त्यातून हे २,४९२ त्याच दिवशी वळते झाले.

आता हक्काची यादी. किमान शिल्लकेच्या दंडाबाबत रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१४ मध्ये नियम घालून दिले, ते एप्रिल २०१५ पासून लागू झाले. त्यातले तीन आपल्या कामाचे. शिल्लक कमी पडली की बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचे, आणि कळवल्यापासून एका महिन्यात शिल्लक भरली नाही तरच दंड लावायचा. दंड कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात हवा. दहा रुपये कमी पडले आणि हजार कमी पडले तरी दंड एकच, असे चालत नाही. आणि केवळ या दंडापायी खाते उणे होता कामा नये. जावेला जूनचा दंड ३० जूनलाच लागला होता, आणि मेसेजही त्याच दिवसाचा. महिन्याची मुदत कुठे गेली? ही ओळ मी हक्काच्या यादीत पहिली लिहिली. शिल्लक शून्य असताना दंड रोखून ठेवायचा आणि पैसे आले की ओढायचा, हे खाते उणे करण्यासारखेच आहे असे माझे मत. तेही मी अर्जात लिहिले.

याच यादीत बंद पडलेली खाती येतात. दोन वर्षे खातेदाराने स्वतः काही देवघेव केली नाही की खाते निष्क्रिय धरतात. अशा खात्याला किमान शिल्लकेचा दंड लावता येत नाही, आणि ते पुन्हा चालू करायलाही पैसे घेता येत नाहीत. २०२४ च्या ऑगस्टात लाडक्या बहिणीचे पहिले तीन हजार आले तेव्हा आमच्या वाडीतल्या एका काकींचे पैसे जुन्याच खात्यात गेले, कारण आधार तिथे जोडलेले होते. कित्येक वर्षांत त्या शाखेत त्यांनी पाऊल ठेवले नव्हते. जमा झाल्या झाल्या ८२६ कापले गेले. त्या वेळी मला हा नियम ठाऊक नव्हता, मी काकींना "जाऊंदे" म्हटले. पुढच्या वर्षी नियम कळल्यावर मी स्वतः त्यांच्या घरी गेले, पासबुक काढायला लावले, अर्ज केला. अकराव्या दिवशी ८२६ परत जमा. काकी म्हणाल्या, "अगो, वर्साभरान इले तरी माझेच मां!" लाडकी बहीण, शिष्यवृत्ती, पेन्शन अशी सरकारी रक्कम कापली गेली असेल तर ती रक्कम कशाची होती हे अर्जात ठळक लिहाच.

विनंतीच्या यादीत बाउन्सचे चार्ज. हे बँकेच्या दरपत्रकात असतात, हप्ता कापायच्या मंजुरीच्या कागदावर आपली सही असते, त्यामुळे इथे भांडून उपयोग नाही. इथे कागद बोलतो. जावेसाठी मी मच्छीमार सोसायटीचा दाखला घेतला, की दीर यांत्रिकी नौकेवर खलाशी आहेत आणि बंदीच्या काळात उत्पन्न नव्हते. बागायतदारांनी नुकसानीच्या पंचनाम्याची प्रत जोडावी. आजारपण असेल तर दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड, नोकरी गेली असेल तर शेवटचा पगार जमा झालेली पासबुकाची ओळ. अडचणीची तारीख आणि कापल्याची तारीख शेजारी शेजारी दिसली पाहिजे. शिवाय सगळेच माफ करा असे म्हणू नका. मी फक्त दुसऱ्यांदा टाकलेल्या हप्त्यांचे मागितले, १० जून आणि १० जुलै, मिळून १,१८०. एकाच हप्त्यासाठी दोनदा दंड, हे मॅनेजरलाही वर शिफारस करताना मांडता येते.

अर्ज मराठीतच लिहा, एका पानात. जावेचा असा होता:

विषय: बचत खात्यातून कापलेल्या शुल्काबाबत तक्रार व परताव्याची विनंती.

महोदय, माझ्या खात्याला ३० जून आणि ३१ जुलै २०२५ रोजी किमान शिल्लक नसल्याबद्दल प्रत्येकी २३६ रुपये लावले. त्याआधी एक महिन्याची सूचना मला मिळाली नाही. खात्यात शिल्लक नसताना ही रक्कम रोखून ठेवून १८ ऑगस्टला वळती केली. हे ४७२ रुपये परत जमा करावेत. सूचना दिली असल्यास तिची तारीख लेखी कळवावी.

तसेच हप्ता परत गेल्याबद्दल चार वेळा ५९० रुपये लावले. माझे पती मासेमारी नौकेवर खलाशी असून १ जून ते ३१ जुलै या बंदीकाळात घरात उत्पन्न नव्हते. दाखला जोडला आहे. एकाच हप्त्यासाठी दुसऱ्यांदा लावलेले १० जून व १० जुलैचे मिळून १,१८० रुपये माफ करावेत, ही विनंती.

विषयात "तक्रार" हा शब्द हवाच. नुसता विनंती अर्ज असला तर पुढे तो तक्रार धरला जाईल याची खात्री नाही. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. काउंटरवरची मुलगी "ठेवून जा" म्हणाली तरी पोच घेतल्याशिवाय उठू नका. शाखेत दुपारी तीननंतर जा, तेव्हा मॅनेजरला मान वर करायला फुरसत असते. "सिस्टीमने कापले, माझ्या हातात नाही" हे उत्तर येईलच. तेव्हा शांतपणे म्हणायचे, "साहेब, तुम्ही शिफारस लिहून वर पाठवा, आम्ही थांबतो." मॅनेजर बहुतेक परजिल्ह्यातले असतात, बंदी म्हणजे दोन महिने चूल कशी चालते हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते. जावेने सांगितले. ती बोलली त्याने माझ्या अर्जापेक्षा जास्त काम केले.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. ही एकात्मिक लोकपाल योजना नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस नावाच्या तक्रारींच्या पोर्टलवर मोबाइलवरूनही भरता येते, नाहीतर साध्या कागदावर लिहून चंदीगडच्या केंद्राला पोस्टाने पाठवता येते. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा, मराठीत बोलता येते. फी एक रुपयाही नाही, वकील लागत नाही. पोच घेतलेल्या अर्जाची प्रत, बँकेचे उत्तर आणि पासबुकाची पाने जोडा. दिवस उगीच घालवू नका. मात्र लोकपालाकडे हक्काचीच यादी न्या. माफी द्यावी की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय ठरतो आणि त्यात लोकपाल पडत नाही. दोन याद्या वेगळ्या ठेवायच्या त्या यासाठीही. "पैसे परत मिळवून देतो" म्हणणाऱ्या कुणाला टक्केवारी देऊ नका, आणि रिझर्व्ह बँकेतून बोलतोय म्हणून कुणी ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्या.

आमच्यावर लोकपालाकडे जायची वेळ आली नाही. २० ऑगस्टला अर्ज दिला, १६ सप्टेंबरला ४७२ आणि १,१८० अशा दोन ओळी पासबुकात छापून आल्या. १,६५२ परत, १,१८० गेले. गणपती तोवर उसनवारीवर झाला होता. कर्जवाल्या कंपनीने स्वतःचा बाउन्स चार्ज वेगळा लावलाय, त्याचा अर्ज अजून चालू आहे. तिथे मी एकच मुद्दा धरलाय: ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज चढवता येत नाही. त्यांच्या हिशेबात ते चढलेले दिसते. खुलासा मागितलाय.

पैसे आले की तिथेच थांबू नका, खाते बदलून घ्या. प्रत्येक बँकेत मूलभूत बचत खाते असते, जनधन त्यातलेच. किमान शिल्लक शून्य, एटीएम कार्ड मोफत, पैसे कितीही वेळा जमा करा, महिन्यातून निदान चार वेळा मोफत काढा. आहे तेच बचत खाते त्यात बदलून मिळते, पण मग त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. स्टेट बँकेने तर मार्च २०२० मध्ये सगळ्याच बचत खात्यांची किमान शिल्लकेची अट काढून टाकली. तुमच्या बँकेत आज काय आहे ते काउंटरवर विचारा, दरपत्रक दाखवायला सांगा. मोबाइल नंबर बदलला असेल तर तोही त्याच फेरीत बदला, नाहीतर सूचना जुन्या नंबरवर जात राहील आणि बँक म्हणेल आम्ही कळवले होते.

शून्य शिल्लकेच्या खात्यातही हप्ता बाउन्स झाला तर चार्ज लागू शकतो. म्हणून जावेने आणि मी ठरवलेय: मे महिन्यात सुरमईचा भाव चांगला असतो तेव्हाच जून आणि जुलैचे दोन हप्ते त्या खात्यात टाकायचे, आणि एटीएम कार्ड माझ्या फडताळात ठेवायचे. ते जमणार नाही असे दिसले तर २० मेच्या आत कंपनीला लेखी कळवायचे, दोन हप्ते पुढे ढकलून मागायचे आणि त्याचीही पोच घ्यायची.