डावा की उजवा? आइस हॉकीची स्टिक धरताना आणि नवोदित खेळाडू पारखताना या चुका टाळा

उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकीची स्पर्धा असलेल्या नॅशनल हॉकी लीगच्या वार्षिक ड्राफ्टपूर्वी (म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या कार्यक्रमापूर्वी) अठरा वर्षांच्या आसपासच्या होतकरू खेळाडूंच्या याद्या प्रसिद्ध होतात आणि त्यांत प्रत्येकाचे नाव, उंची, वजन व संघ यांच्या शेजारी ‘एल’ किंवा ‘आर’ असे एक अक्षर छापलेले असते. हा खेळ नव्याने पाहू लागलेले मराठी वाचक, त्यातही टोरोंटो, कॅल्गरी किंवा एडमंटन येथे स्थायिक झालेले आणि मुलांमुळे या खेळाकडे वळलेले पालक, या अक्षरावरून खेळाडू डावखुरा आहे की उजखुरा हे ठरवून मोकळे होतात. पहिली चूक इथेच होते, आणि पुढे मुलासाठी स्टिक विकत घेताना तीच चूक पैशांच्या आणि सरावाच्या रूपाने महागात पडते.

अक्षर हाताचे नसून बाजूचे असते

ज्या खेळाडूपुढे ‘एल’ लिहिलेले असते त्याचा डावा हात स्टिकवर खाली असतो, उजवा हात वरच्या टोकाशी असतो आणि ब्लेड, म्हणजे स्टिकचे खालचे चपटे पाते, शरीराच्या डाव्या बाजूला राहते. ‘आर’ असेल तर हीच मांडणी उलट होते. तो खेळाडू कोणत्या हाताने लिहितो किंवा जेवतो याविषयी हे अक्षर काहीही सांगत नाही. क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाला हे समजणे अवघड जाऊ नये, कारण सचिन तेंडुलकर डाव्या हाताने लिहितो आणि उजव्या हाताने फलंदाजी करत आला, तर सौरव गांगुलीने उजव्या हाताने गोलंदाजी करून डाव्या हाताने फलंदाजी केली, हे आपण वर्षानुवर्षे पाहिले आहे. या खेळातले नामवंत वेन ग्रेट्झ्की, सिडनी क्रॉस्बी, कॉनर मॅकडेव्हिड आणि ऑस्टन मॅथ्यूज हे सगळे डाव्या बाजूने फटका मारणारे आहेत, तर मारियो लेमियू, अलेक्झांडर ओव्हेच्किन आणि २०२३ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर शिकागोने निवडलेला कॉनर बेडार्ड उजव्या बाजूचे आहेत. गॉर्डी हाऊ तर सरळ ब्लेडच्या काळात दोन्ही बाजूंनी फटका मारू शकत असे.

जगात उजखुरे लोक बहुसंख्य असूनही नॅशनल हॉकी लीगमध्ये डाव्या बाजूने खेळणारेच अधिक आहेत. कॅनडात अनेक उजखुरी मुले आपला बळकट हात स्टिकच्या वरच्या टोकावर ठेवतात, कारण एका हाताने स्टिक लांब पुढे करून प्रतिस्पर्ध्याकडचा पक (चेंडूऐवजी वापरली जाणारी रबरी चकती) हुसकावताना सगळा ताबा वरच्या हाताकडे असतो. अमेरिकेत मात्र उजव्या बाजूने खेळणाऱ्यांचे प्रमाण कॅनडापेक्षा जास्त आढळते. त्यामुळे एखाद्या देशात रूढ असलेली पद्धत ही निसर्गाची आज्ञा समजण्याचे कारण नाही.

गोलरक्षकाच्या बाबतीत याच अक्षराचा अर्थ बदलतो, आणि ही गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. तिथे पक झेलण्याचा ग्लोव्ह कोणत्या हातात आहे ते पाहायचे असते. बहुतेक गोलरक्षक डाव्या हाताने झेलतात आणि उजव्या हातात स्टिक धरतात. ग्रँट फ्यूर आणि टॉम बरासो हे उजव्या हाताने झेलणारे होते. त्यांच्यापैकी बरासोची निवड १९८३ मध्ये बफेलोने थेट शालेय संघातून, पाचव्या क्रमांकावर केली होती. अशा गोलरक्षकासमोर फटका मारणाऱ्याची सवयीची गणिते उलटी होतात, म्हणून यादी वाचताना हा फरक जाणून घेणे उपयोगाचे ठरते.

मूल उजखुरे म्हणून उजवी स्टिक घेणे

मैदानी हॉकीत स्टिकची एकच बाजू सपाट असते, खेळ त्याच बाजूने करावा लागतो आणि डाव्या हाताची स्टिक तिथे नसते. सगळे खेळाडू डावा हात वर व उजवा हात खाली ठेवूनच खेळतात. ही पकड डोळ्यांत बसलेले वडील किंवा काका दुकानात जाऊन मुलासाठी न विचारता उजव्या बाजूची स्टिक उचलतात. आइस हॉकीच्या ब्लेडला एका बाजूला वळण असते, त्यामुळे चुकीच्या बाजूची स्टिक हाती आलेल्या मुलाला पक धरता येत नाही आणि उचलता तर अजिबात येत नाही. मग मूल निमूटपणे आपली पकड बदलते, आणि पुढे त्याचे हात का जुळत नाहीत हे कोणालाच कळत नाही.

माझ्या मते यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे मुलाला काहीही न सांगता सरळ ब्लेडची साधी स्टिक, किंवा ती नसल्यास घरातला लांब दांड्याचा झाडू हातात देणे आणि जमिनीवर एक चेंडू सोडणे. चार-पाच दिवस वेगवेगळ्या वेळी पाहिले की त्याचा कोणता हात आपोआप वर जातो हे स्पष्ट होते. बळकट हात वर असावा हा अनेक प्रशिक्षकांचा सल्ला विचारात घेण्याजोगा आहे, परंतु मूल सातत्याने उलट धरत असेल तर त्याच्यावर तो लादू नये. लडाखमध्ये हा खेळ बराच काळ देणगीदाखल आलेल्या साहित्यावर चालला, आणि त्याच भूमीतल्या मुलींनी बहुसंख्येने घडवलेल्या भारतीय महिला संघाने २०२५ मध्ये आशिया चषकात कांस्यपदक मिळवले. अशा ठिकाणी जुन्या स्टिक पाठवणाऱ्यांनी डाव्या आणि उजव्या स्टिक वेगळ्या करून, लांबी लिहून पाठवल्या तर शिकणाऱ्या मुलांची मोठी अडचण दूर होईल.

‘पुढे वाढेल’ म्हणून मोठी आणि ताठ स्टिक घेणे

कपडे आणि बूट एक माप मोठे घेण्याची आपली सवय इथे खरोखर नुकसान करते. साधारण नियम असा की बूट घालून उभे राहिल्यावर स्टिक नाकापर्यंत आणि स्केट घातल्यावर हनुवटीपर्यंत यावी. स्टिक फार लांब असली की मूल वरचा हात टोकावरून खाली सरकवते, उरलेला दांडा पोटाला लागतो आणि वरच्या हाताला शरीरापासून दूर जाऊन फिरण्यास जागाच राहत नाही. मुलाचा वरचा हात टोकाच्या गाठीवर न राहता सतत खाली येत असेल, तर आधी स्टिकची लांबी तपासावी आणि पकडीला नंतर दोष द्यावा.

लांबीपेक्षाही अधिक दुर्लक्षित राहतो तो दांड्याचा ताठपणा. स्टिकवर छापलेला फ्लेक्सचा आकडा म्हणजे दांडा एक इंच वाकवण्यासाठी साधारण किती पौंड जोर लागतो याचे माप होय. फटका मारताना दांडा धनुष्यासारखा वाकतो आणि सरळ होताना साठवलेला जोर पकला देतो. तो वाकलाच नाही तर मुलाच्या केवळ दंडाचा जोर उरतो. फ्लेक्स वजनाच्या पौंडांतील आकड्याच्या निम्म्याच्या आसपास असावा, असा ढोबळ संकेत आहे. म्हणजे ३५ किलो वजनाच्या मुलाचे वजन सुमारे ७७ पौंड होते आणि त्याला चाळीसच्या आसपासचा फ्लेक्स पुरतो. त्याच मुलाच्या हाती मोठ्या भावाची ८५ फ्लेक्सची स्टिक दिली, तर तो कितीही जीव लावून खेळला तरी पक बर्फावरून सरपटतच जाईल. शिवाय स्टिक कापून आखूड केली की ती अधिक ताठ होते, हे ध्यानात न घेता मोठ्यांची स्टिक करवतीने कापून मुलाला देणे हा दुहेरी तोटा आहे.

स्टिकची लांबी आणि ब्लेडचा दांड्याशी असलेला कोन खेळाडूला जुळतात की नाही हे ब्लेडवर गुंडाळलेल्या टेपवरून ओळखता येते. टाचेकडची, म्हणजे दांड्याजवळच्या भागातली, टेप आधी झिजत असेल तर ब्लेडचे पुढचे टोक हवेत राहते आहे, म्हणजे स्टिक लांब आहे किंवा तिचा कोन त्या खेळाडूसाठी जास्त उभा आहे. पुढच्या टोकाकडची टेप झिजत असेल तर याच्या उलट समजावे. दोन-तीन सरावांनंतर ब्लेड उलटून पाहण्याइतकीच ही तपासणी आहे आणि तिला खर्चही नाही, तरी ती क्वचितच केली जाते.

फटका चुकतो तेव्हा दोष कुठे शोधावा

रिस्ट शॉट, म्हणजे स्टिक मागे न उचलता पक ब्लेडवरून झटक्याने सोडण्याचा फटका, हा पाया आहे, आणि त्यातल्या बहुतेक चुका मनगटाशी सुरू होत नाहीत. पक उचलला जात नसेल तर आधी पाहावे की तो ब्लेडवर कुठून सुटतो. पक शरीराच्या मागे, मागच्या पायाच्या रेषेत आणि ब्लेडच्या टाचेजवळ असावा, मग तो ब्लेडवरून पुढच्या टोकाकडे गडगडत सुटावा. या गडगडण्यानेच त्याला गिरकी मिळते. पक हवेत डगमगत जातो त्याचे कारण बहुधा हेच असते की तो ब्लेडच्या मधोमध नुसता ढकलला गेला आहे. वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर गेले नाही तर फटक्यात जोर राहत नाही, आणि वरचा हात मागे न खेचता केवळ खालचा हात पुढे ढकलला तर दांडा वाकत नाही. दोन्ही हात एकमेकांच्या फार जवळ ठेवण्याची सवय पक खेळवताना सोयीची वाटते, पण फटक्याच्या वेळी खालचा हात दांड्यावर आणखी खाली सरकला पाहिजे.

पक सतत एकाच बाजूला जात असेल तर स्टिक शेवटी कुठे थांबते ते पाहावे. उजव्या बाजूने मारणाऱ्याचे ब्लेड शरीराला आडवे फिरून डावीकडे गेले तर पकही डावीकडे ओढला जातो. ब्लेडचे टोक लक्ष्याकडे रोखून थांबवण्याचा सराव केल्यास ही चूक लवकर सुटते. फटका नेहमी गोलावरून जाऊन मागच्या काचेवर आदळत असेल तर ब्लेड फार उघडे राहते आहे आणि शेवटी फार उंच जाते आहे.

स्लॅप शॉटमध्ये, म्हणजे स्टिक मागे उंच उचलून मारायच्या फटक्यात, क्रिकेट खेळलेली मुले एक ठरावीक चूक करतात. ती थेट पकवर प्रहार करतात, जसा चेंडूवर करावा तसा. वास्तविक ब्लेड पकच्या काही सेंटिमीटर मागे बर्फाला लागले पाहिजे, म्हणजे दांडा आधी वाकतो आणि मग पकला भिडतो. फार मागे बर्फ हाणला तर साठवलेला जोर वाटेतच संपतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलाने स्लॅप शॉटच्या मागे लागू नये असे मला ठामपणे वाटते. ज्याचा रिस्ट शॉट आणि बॅकहँड (ब्लेडच्या उलट बाजूने मारायचा फटका) पक्का नाही त्याचा उंच उचललेला दांडा प्रेक्षणीय असला तरी सामन्यात त्याला तेवढा वेळ कोणी देत नाही.

नवोदितांचा फटका केवळ वेगावरून जोखणे

बचावपटू झ्डेनो खारा याने लीगच्या २०१२ मधील कौशल्य-स्पर्धेत ताशी १०८.८ मैल, म्हणजे सुमारे १७५ किलोमीटर वेगाचा फटका मारला होता आणि असे आकडे मनात घर करून बसतात. तथापि नवोदित आघाडीच्या खेळाडूकडे पाहताना पक किती वेगाने गेला यापेक्षा तो किती लवकर आणि कोणत्या कोनातून सुटला हे अधिक सांगून जाते. बेडार्डने ड्राफ्टच्या हंगामात रेजायना पॅट्स या कनिष्ठ गटातील संघाकडून ५७ सामन्यांत ७१ गोल आणि एकूण १४३ गुण (गोल आणि गोलांसाठी दिलेले पास मिळून) मिळवले, त्यामागे त्याची एक सवय होती : फटक्याच्या क्षणी तो पक शरीराकडे ओढून घेतो, त्यामुळे सुटण्याची जागा अचानक बदलते आणि समोरच्या बचावपटूची स्टिक व गोलरक्षकाचा अंदाज दोन्ही चुकतात. २०२३-२४ च्या हंगामात ६९ गोल करणारा मॅथ्यूजही पक असाच आत ओढतो.

खेळाडू कोणत्या बाजूने मारतो आणि मैदानाच्या कोणत्या बाजूला उभा राहतो, यांचा मेळ न पाहणे ही तितकीच मोठी चूक आहे. ओव्हेच्किन उजव्या बाजूचा असून गोलासमोर बर्फावर आखलेल्या दोन वर्तुळांपैकी डाव्या वर्तुळात उभा राहतो. तिथे त्याचे ब्लेड बर्फाच्या मध्यभागाकडे असते, उजवीकडून आलेला पास थेट फोरहँडवर येतो आणि पक न थांबवता मारता येतो. ६ एप्रिल २०२५ रोजी ग्रेट्झ्कीचा ८९४ गोलांचा विक्रम मोडणारा ८९५ वा गोल त्याने त्याच डाव्या वर्तुळातून केला.

बचावपटूंबाबत हिशेब वेगळा होतो. उजव्या कडेला खेळणारा उजव्या बाजूचा बचावपटू कठड्याच्या कडेने आलेला पक फोरहँडवर अडवतो, तर डाव्या बाजूच्या खेळाडूला तिथे बॅकहँडवर घेऊन वळावे लागते. उजव्या बाजूचे बचावपटू संख्येने कमी असल्याने संघ त्यांना शोधत असतात. २०२२ मध्ये सिमोन नेमेट्स आणि २०२४ मध्ये आर्त्योम लेव्हशुनोव्ह हे दोघेही दुसऱ्या क्रमांकावर निवडले गेले, आणि दोघेही उजव्या बाजूचे आहेत. मात्र ते केवळ त्या अक्षरामुळे वर गेले असे मानू नये. अक्षर मागणी वाढवते, खेळ घडवत नाही.

वळणाचा मोह

आता राहिले ब्लेडचे वळण. सध्याच्या नियमानुसार ते जास्तीत जास्त पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर असू शकते. पूर्वी ही मर्यादा अर्धा इंच होती. लीगचे विजेतेपद ठरवणाऱ्या स्टॅन्ली कपच्या १९९३ मधील अंतिम मालिकेतील दुसऱ्या सामन्यात लॉस एंजेलिस आघाडीवर असताना, शेवटच्या दोन मिनिटांत माँट्रियलचे प्रशिक्षक जॅक डेमर्स यांनी लॉस एंजेलिसच्या मार्टी मॅक्सॉर्ली याची स्टिक मोजण्याची मागणी केली. वळण मर्यादेबाहेर निघाले, त्याला शिक्षा म्हणून काही वेळ बाहेर बसावे लागले, माँट्रियलच्या एरिक देजार्दां याने बरोबरी साधली आणि जादा वेळेत त्यानेच सामना जिंकून दिला. पुढे मालिकाही माँट्रियलने जिंकली. मुलांच्या सामन्यात कोणी पट्टी घेऊन येणार नाही, पण खोल वळणाचा त्रास त्यांना दुसरीकडे होतो. पुढच्या टोकाशी खूप वळलेल्या ब्लेडने पक सहज उचलला जातो, म्हणून ते मुलांना आवडते, आणि त्याच ब्लेडने बॅकहँडचा पास सरळ जात नाही. पहिल्या दोन-तीन हंगामांत सौम्य वळणाचे ब्लेड घ्यावे, आणि प्रत्येक सरावात जितके फटके फोरहँडने मारले जातात त्यांच्या निम्मे तरी बॅकहँडने मारून घ्यावेत.